दाराच्या कळीवरची चिकटपट्टी

अहो,

मी बरी आहे, जेवतेय. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचाल.

आज रेडिएशनला सकाळी बोलावलं आणि संध्याकाळ केली! सुरक्षा तपासणीच्या बाई आल्या होत्या. खोलीचं दार उघडं राहिलं तर मशीन आपोआप बंद पडायला हवं. पण दार नीट बसत नाही आणि मशीन सारखं थांबतं, म्हणून इथल्या शहाण्यांनी दाराची कळच चिकटपट्टीने दाबून ठेवली होती, म्हणजे मशीनला दार कायम बंदच वाटावं. बाईंनी सगळं काम थांबवलं.

मी तडकले, "माझी गाठ तुमच्या दुरुस्तीसाठी थांबणार आहे का?"

त्या म्हणाल्या, "नाही ना. म्हणून तर आजच करून घेतेय." आणि दाराशी ठाण मांडून बसल्या.

अगदी तुमचाच अवतार! घरातून निघताना तीनतीनदा गॅसचं बटण बघायचं आणि गाडी चुकवायची. धाकटी वेळेवर जेवते ना?

शेवटी दार दुरुस्त झालं. मला टेबलावर झोपवून सगळे बाहेर पळाले. आत मी एकटीच. तेवढ्यात दार घट्ट बसल्याचा आवाज आला आणि वाटलं, तुम्हीच बटण बघून आलात.

घरी आले की तुमच्यावर ओरडणार नाही. निदान दोनदा बघेपर्यंत तरी.

तुमचीच,
वैतागलेली