यंत्र म्हणतं, पाहुणे खूश आहेत

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? (खरं सांग, बाबांना सांगतेस तसं नको.) मी मजेत आहे आणि माझं काम तर विचारूच नकोस.

तरी सांगतो. आमच्या हॉटेलात अरबी बोलणारे पाहुणे फार. घरी गेल्यावर ते इंटरनेटवर अभिप्राय लिहितात. ते वाचून पाहुणा खूश की नाराज, हे ओळखायला मी संगणकाला शिकवतो. (मला अरबी येत नाही, पण पोहायला शिकवणाराही काठावरच उभा असतो.) जुन्या अभिप्रायांवर ‘खूश’, ‘नाराज’ असे शिक्के आमच्या दुभाषीने मारले. (हो, तीच, जिचा विषय काढला की बाबा ताटावरून उठतात.) वेळ वाचावा म्हणून मी यंत्राला प्रत्येक अभिप्रायाची पहिली दोनच वाक्यं दिली. ती म्हणाली, शेवटपर्यंत वाचू दे त्याला. मी म्हटलं, शितावरून भाताची परीक्षा होते.

झालं, यंत्राने झाडून सगळे पाहुणे खूश ठरवले. सर्वांत खूश कोपऱ्यातल्या खोलीतले, म्हणून मालकांनी कौतुकाने तिथे आपल्या सासूबाईंना उतरवलं. सकाळी नळ त्यांच्या हातात आला. त्या निथळत खाली आल्या, मालकांचा चेहरा पडला, आणि दुभाषीने त्या खोलीचे अभिप्राय पूर्ण वाचून दाखवले. ‘देव तुमच्या हातांना बळ देवो. तुमच्या घरादाराचं कल्याण होवो. नळ निखळतो.’ आदबशीर माणसं, आधी दुवा देतात, मग तक्रार करतात. (आपल्या घरी आधी तक्रार, मग तक्रार.)

नोकरी जायचीच, पण तिने शेजारी बसून सगळं पुन्हा शिकवायला मदत केली. आता यंत्र अख्खा अभिप्राय वाचतं आणि शेवटाला जास्त वजन देतं. नळही बसवला. एकूण मी म्हणत होतो तसंच झालं.

तुझा लाडका (इतरांना काही म्हणू दे) भाचा

ता. क. आत्या, मला ती फार आवडते, आणि बाबांशिवाय लग्न करायला मन घेत नाही. परवा फोनवर ते जे बोलले, ते तिने अरबीत लिहून यंत्राला दिलं : ‘माझ्या घरात हे चालणार नाही. तू पार बिघडलास. पुन्हा विषय काढू नकोस. तिला तिखट चालतं का?’ यंत्र म्हणालं, खूश.

ता. ता. क. तू त्यांची थोरली बहीण. त्यांनी होकार दिलाय, एवढं त्यांना कळवशील का? आणि तिखट चालतं म्हणावं. त्यांच्यापेक्षा जास्त.