बेडकीची शाळा आणि माझे कान

३ जानेवारी, सकाळी
नवी वही, नवं पेन. यापुढे रोज थोडक्यात लिहायचं. बोलायचंही थोडक्यात. ही म्हणाली, दुसरं आधी जमवा.
विषय एकच. लेक यंदा आठवीत जाईल. आताची शाळा सातवीतच संपते. पाण्यात बेडकासारखे पाय मारते म्हणून घरात तिचं नाव बेडकी. क्लबच्या स्पर्धेत ती पोहून, बाहेर येऊन, टॉवेल गुंडाळून बसली तरी शेजारच्या लेनमधल्या मुली अजून येतच होत्या. क्लबचे सर म्हणाले, हिला चांगल्या तलावाच्या शाळेत घाला, नाहीतर वाया जाईल. पंपांच्या मोटारींबद्दल हे मी रोज बोलतो. लेकीबद्दल पहिल्यांदाच ऐकलं.
शाळा मी निवडणार. शास्त्रीय पद्धतीनं. मोटर वाइंडिंगचा धंदा कुणी शिकवला नाही, कानांनी शिकलो. मोटर चालू करा, दोष कुठे ते न उघडता सांगतो. शाळेचं वेगळं काय असणार? दारात उभं राहायचं आणि ऐकायचं.
बेडकीला विचारलं, तुला कुठली हवी? ती सांगायला लागली. वाक्य मीच पूर्ण केलं. वेळ वाचला.

९ जानेवारी
पहिली शाळा. काचेचं रिसेप्शन. मुख्याध्यापिका मॅडम सर्वांगीण विकासावर बोलत होत्या, मी एसीचा कॉम्प्रेसर ऐकत होतो. फाउंडेशनचा नट ढिला. तसं सांगितलं. मॅडमनी आभार मानले आणि पाणी मागवलं.
तलाव दाखवा म्हटलं. भिंतीवरचं चित्र दाखवलं. चित्रात तलाव, तलावात मुलं, काठावर झाडं. प्रत्यक्षात कधी? मॅडम म्हणाल्या, प्रपोजल आहे. बेडकीनं चित्राकडे नीट पाहून विचारलं, खोल किती आहे? मला हसू आवरेना. मॅडमना आवरलं.
ही शाळा बाद.

१५ जानेवारी, संध्याकाळी
सापडली.
गावाबाहेरची क्रीडा शाळा. वसतिगृह आहे, रोज येऊन-जाऊन शिकणारेही आहेत. तलाव असा की पाहून मलाच कपडे काढावेसे वाटले. बेडकी काठावर उकिडवी बसली आणि पाण्यात नुसता हात घालून राहिली. बराच वेळ. तिचा चेहरा असा मी फार दिवसांत पाहिला नव्हता.
जागा मोजक्या. पुढच्या महिन्यात चाचणी. कोचबाई म्हणजे गळ्यात शिट्टी, डोक्याला टोपी, कपाळाला आठी. मी त्यांना बेडकीची किक, तिचा श्वास, तिचा आहार, तिच्या आजोबांची छाती, सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, काका, मुलीला बोलू द्या. मी म्हटलं, बरोबर आहे, आणि तिला काय म्हणायचंय ते सांगितलं.
माझी छाप पडली. निघताना बाई म्हणाल्या, चाचणीला पालकांनी यायची गरज नाही. आमच्यासारख्यांचा वेळ मोलाचा आहे हे त्यांना कळतं.
ठरवलं: रोज तिला मी स्वतः स्कूटरवरून सोडणार, आणणार. जाताना डावपेच, येताना चुका. वसतिगृहाचा प्रश्नच नाही.

२२ जानेवारी
प्रशिक्षण सुरू. क्लबच्या काठावरून मी आवाज देतो. पाय. पाय. मान खाली. अगं पाय. क्लबच्या सरांनी मला कठड्याबाहेर उभं राहायची विनंती केली. तिथून दिसतंही जास्त चांगलं.
एक नवी गोष्ट लक्षात आली. मी आवाज दिला की बेडकी बुडी मारते आणि पार पलीकडच्या भिंतीशी वर येते. काय फुप्फुसं आहेत. हिला कौतुकानं सांगितलं. ही म्हणाली, तुम्ही गप्प बसलात तर मधेच येईल वर.
बायकांना खेळातलं तंत्र कळत नाही.

३० जानेवारी
मेव्हणा आला होता. बँकेत आहे, त्यामुळे जगातलं सगळं ठाऊक. म्हणाला, दाजी, अशा ठिकाणी ओळख लागते. नुसत्या पोहण्यानं कुणी घेतं का?
मी वशिल्याच्या विरोधात. आयुष्यात कुणाचे पाय धरले नाहीत. पण झोप उडाली ती उडालीच. ती नापास झाली तर? घराजवळच्या शाळेत पाण्याची टाकी आहे, तलाव नाही. ती तिथं नुसती वह्या भरत बसेल. आणि मी दुकानात बसून लोकांचे पंप ऐकेन.
सध्या बेडकी जेवताना एक शब्द बोलत नाही. टेन्शन. मी तिचं मन हलकं करायला जेवण संपेपर्यंत बोलतो.

५ फेब्रुवारी
उपाय सुचला. वशिला नाही, सेवा. परवा चौकशीच्या निमित्तानं शाळेत गेलो होतो. तलावाच्या पंपघरातून आवाज येत होता. टिंग, टिंग, मधूनच टिरर्र. बेअरिंग. चाचणीच्या दिवशीच पंप बसला तर? फुकट दुरुस्त करून द्यायचा. कोचबाई विचारतील, कुणी केलं हे? लोक सांगतील, बेडकीच्या वडिलांनी. पुढचं पुढे.

११ फेब्रुवारी
पंपघर अण्णांच्या ताब्यात. वयस्कर गृहस्थ, बोलणं कमी. मी म्हटलं, अण्णा, बेअरिंग गेलंय. ते म्हणाले, कशावरून? मी म्हटलं, आवाजावरून. ते म्हणाले, मी रोज ऐकतो, आवाज बिवाज काही नाही. मी म्हटलं, रोज ऐकणाऱ्यालाच ऐकू येत नाही, अण्णा.
हे वाक्य फार चांगलं जमलं. इथं मुद्दाम लिहून ठेवतोय.
ऑफिसातल्या क्लार्कनं फुकट म्हटल्यावर लगेच परवानगी दिली. उद्या उघडतो.

१२ फेब्रुवारी, दुपारी
पंप उघडला. बेअरिंग नव्यासारखं.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळी
सविस्तर लिहितो, म्हणजे डोकं शांत होईल.
अण्णांना चहा गरम लागतो. मोटारीचं कव्हर चालून चालून तापतं, म्हणून ते पेला त्यावर ठेवतात. स्टीलचा पेला, आत चमचा. मोटर थरथरते, चमचा वाजतो. टिंग, टिंग. आज मी कामाला हात घालायच्या आधी मोटर बंद केली आणि त्यांनी आदबीनं पेला उचलून घेतला. पंप पूर्ण सुटा झाल्यावर मी विचारलं, अण्णा, हा पेला रोज इथं असतो? ते म्हणाले, तर काय.
हरकत नाही. परत जोडला असता. पण सुटा करताना पाणी गळू न देणारं सील तुटलं. तसलं सील गावात मिळत नाही. बाहेरून मागवलंय. जोडीचा दुसरा पंप आधीच दुरुस्तीला गेलाय, माझ्या दुकानात नाही, चौकातल्या त्या मोटारवाल्याकडे. तो कधी परत देईल ते मला विचारू नये.
पंप बंद म्हणजे पाणी फिरत नाही, गाळलं जात नाही. रविवारी चाचणी.
घरी सांगितलं, काम छान चाललंय.

१४ फेब्रुवारी
पाण्याला किंचित हिरवी झाक. उजेडामुळेही असेल.

१५ फेब्रुवारी
उजेडामुळे नाही.
कोचबाई काठावर उभ्या होत्या. शिट्टी तोंडात, पण वाजवत नव्हत्या. मी पंपघराच्या दारामागे होतो. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि माझं नाव सांगितलं नाही. मला गलबलून आलं. त्यांनी नवा चहा केला होता. पेला कुठे ठेवावा ते त्यांना सुचत नव्हतं.

१६ फेब्रुवारी
पालकांना शाळेकडून मेसेज. तांत्रिक कारणामुळे चाचणी शाळेच्या तलावात होणार नाही. क्लबच्या तलावात होईल.
तांत्रिक कारण इथं बसून रोजनिशी लिहितंय.
मेव्हण्याचा फोन. म्हणाला, दाजी, कुण्या गाढवानं पंप खोलला म्हणतात. मी म्हटलं, हो का.
मग शांतपणे विचार केला. क्लबचा तलाव म्हणजे बेडकीचं घर. तिथली एकेक फरशी तिला पाठ. इतर मुली बिचकणार, ही नाही. म्हणजे जे झालं ते तिच्या फायद्याचंच. आतून मला हे कुठंतरी माहीत असणार, म्हणूनच हात तिकडे गेला.
हिला हे सगळं सांगून टाकलं. ही कपाळाला हात लावून बसली ती उठेचना.

१७ फेब्रुवारी, शनिवार
सील येतंय. उद्या सकाळी. चाचणीही उद्या सकाळी. अण्णा म्हणाले, उद्या चालू झाला नाही तर माझी नोकरी जाईल. मला पंपघरातच जावं लागणार.
बेडकीला सूचना देऊन ठेवल्या. सगळ्या. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, बाबा, उद्या तुम्ही नाही येणार ना? मी म्हटलं, नाही गं, बाळा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मला जवळ घेतलं, कितीतरी महिन्यांनी.
किती जीव आहे पोरीचा माझ्यावर.

१८ फेब्रुवारी, दुपारी
पंप चालू. अण्णांनी माझ्यासमोर पेला कव्हरवर ठेवला. टिंग, टिंग. दोघं ऐकत बसलो.
घरी आलो. ही, मेव्हणा, बेडकी, सगळे हसत होते. मी आत आल्यावर थांबले.
निवड झाली. पहिलं नाव तिचं. म्हणे एकदाही बुडी मारली नाही, सरळ वरच्या वर पोहली, आणि कोचबाई टोपी काढून बघत राहिल्या.
मी खुर्चीत बसलो. मग तिला चाचणीला घेऊन गेलेल्या मेव्हण्यानं, कुणी विचारलेलं नसताना, पुढचं सांगितलं. कोचबाईंनी प्रत्येकीला विचारलं, तुला पोहायला का आवडतं? कुणी पदक म्हणाली, कुणी देश म्हणाली. आमची म्हणाली, पाण्याखाली बाबांचं ऐकू येत नाही.
हिनं भावाकडे असं पाहिलं की रविवार असूनही त्याला बँकेतलं काम आठवलं.
अजून एक. बाईंनी विचारलं, रोज घरून येणार की वसतिगृहात... बेडकी म्हणाली, राहणार. प्रश्न पुरता व्हायच्या आत. ही खोड तिनं कुणाची उचलली ते मला विचारायला नको.
स्कूटरची सर्व्हिसिंग कालच करून घेतली होती.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळी
न्हाणीघरात गेलो. बादली काठोकाठ भरली. डोकं आत घातलं.
बाहेर नळ होता, रस्ता होता, हिचं भांडी आवरणं होतं. आत काही नाही. कुणी पाय म्हणत नाही, मान म्हणत नाही. नुसतं लांबून कुठंतरी धब्, धब्. आधी वाटलं शेजारचा पंप. मग कळलं, माझंच आहे.
इतकं शांत मी जन्मात ऐकलं नव्हतं. रोज तासभर एवढ्यासाठी जात होती पोरगी.
ही बाहेरून म्हणाली, आत काय चाललंय? पाणी सांडेल.
केस पुसले. आता उमगलं. यापुढे बोलायचं नाही. ती जाईपर्यंत जे दिवस आहेत त्यांत फक्त तिचं ऐकायचं. तसा पक्का निश्चय केला. इतका पक्का की तो तिला ताबडतोब नीट समजावून सांगणं भाग होतं, मुद्देसूद, बादलीपासून.
तिच्या खोलीचं दार वाजवलं. आत पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला. पुन्हा वाजवलं. दाराबाहेरूनच सांगायला सुरुवात केली.
दार उघडलं नाही. बहुतेक तिला ऐकू गेलं नसावं.