वाणात दिलेली ट्यूब

गुरुवार, १२ फेब्रुवारी. संध्याकाळ.

स्किनच्या डॉक्टर मॅडमनी आज ट्यूब हातात घेऊन विचारलं, "ये किसने लिखी?" कोणी नाही. मीच मेडिकलवाल्याला विचारून आणली, रेवाच्या पिंपल्ससाठी. त्यात स्टेरॉइड आहे म्हणे. पंधरा दिवसांत पोरीचा चेहरा एकदम साफ झाला, तेव्हा मी किती मिरवलं! आता लावली नाही की गाल लालभडक, आग आग, आणि पिंपल्स आधीपेक्षा जास्त. निवळायला महिने लागतील, म्हणाल्या. स्कूटीवर तोंडाला बांधायचा दुपट्टा रेवा आता घरातही सोडत नाही.

आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, ज्यांच्या घरी पोरी आहेत त्यांना मी वाण काय दिलं? हीच ट्यूब. वाट्या-डबे सगळेच देतात, म्हणे! शाळेत सायन्स शिकवते मी. ट्यूबवरचं का नाही वाचलं?

मघाशी परदेशीपुऱ्यात राहणाऱ्या वहिनींचा फोन आला. "ताईजी, आमच्या गुड्डीचा चेहरा काय चमकतोय! रोज लावते हो."

सांगायचं होतं, आजच बंद करा म्हणून. "अरे वा, छान," म्हटलं मी.

रेवा समोरच बसली होती. दुपट्ट्यातून नुसते डोळे दिसत होते. माझ्याकडेच बघत होते.