बूथ क्रमांक ८७ : सगळं एकदम ओके

२ फेब्रुवारी, सकाळी ७
पोटनिवडणूक जाहीर झाली. आपले आमदार वारले, त्यांच्या जागी त्यांचा पुतण्या उभा. बूथ ८७ ची जबाबदारी माझ्यावर. शहराध्यक्ष म्हणाले, तुमच्यासारखा माणूस असल्यावर आम्हाला काळजी नाही. हेच ते ८६ वाल्यालाही म्हणाले, पण तेव्हा आवाजात तेवढी कळकळ नव्हती.
संकल्प : रोज वीस घरं. रोज ही वही. गोड बंद.

४ फेब्रुवारी
सहा घरं झाली. उरलेली चौदा उद्या. गुडघा.
लोक सरकारवर चिडलेत असं पेपरवाले छापतात. मला तर कुठे दिसलं नाही. मतदारयादीत तीन रंगांच्या खुणा करतो. कुणी 'बघू' म्हणालं की हिरवी. दार लावून घेतलं की पिवळी, म्हणजे लाजतात. लाल पेनाचं टोपण अजून काढलेलं नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे, एकवीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघतोय. माणसाच्या मनातलं मला लगेच कळतं.

५ फेब्रुवारी
ताईचं एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.
सरकारने गेल्या वर्षी इथल्या दवाखान्यातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद केला. ताई तिथे सव्वीस वर्षं नर्स. आता तिला कुठल्या तरी लांबच्या ऑफिसात रजिस्टरं तपासायला बसवलंय. साडेचारला उठते, दोन बस बदलते. आई गेल्यावर मला तिनेच लहानाचं मोठं केलं. ती खालच्या मजल्यावर राहते, त्यामुळे तिचा गजर मला वर ऐकू येतो.
आज तिला शब्द दिला. मंत्री प्रचाराला आले की वॉर्डचा विषय त्यांच्या कानावर घालणार म्हणजे घालणार. म्हणाली, राहू दे रे, तुला नाही जमायचं. मी म्हटलं, ताई, भाऊ कुणाचा आहे? शेवटी तिने अर्ज लिहून दिला. वॉर्डात काम केलेल्या सगळ्या बायकांच्या सह्या आहेत.
ताईच्या नावापुढे हिरवी खूण केली.

८ फेब्रुवारी
दुकानात मोफत नेत्रतपासणी. ११४ माणसं आली. ११४ हिरव्या खुणा. बायको म्हणाली, अहो, ती डोळे तपासायला आली होती. हिला राजकारण कळत नाही.
गोड खाल्लं. आनंदात खाल्लेलं धरायचं नसतं.

११ फेब्रुवारी, दुपारी १
संध्याकाळी मंत्र्यांची सभा. अर्ज खिशात. आरशासमोर सात वेळा म्हणून झालं : साहेब, एक अडचण आहे. सातव्या वेळी फारच छान जमलं. ताईला सांगितलंय, वॉर्डातल्या सगळ्यांना घेऊन ये.

१२ फेब्रुवारी
काल रात्री लिहिलं नाही.
स्टेजच्या मागे मंत्री भेटले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आपणहून विचारलं, काय, काही अडचण? मी म्हटलं, छे छे साहेब, सगळं एकदम ओके. खांद्यावर मंत्र्याचा हात असताना तक्रार करणं बरं दिसत नाही. मग त्यांनी विचारलं, दवाखान्याबद्दल लोक काय म्हणतात? मी म्हटलं, खूश आहेत.
एवढ्यावर भागलं असतं. पण ते माइकवर गेले आणि म्हणाले, विरोधक दवाखान्याच्या नावाने गळा काढताहेत, आणि आत्ताच इथले चष्मेवाले मला सांगत होते की लोक खूश आहेत! वर माझ्याकडे बोटही दाखवलं. मी उभा राहून नमस्कार केला. का केला कोण जाणे. ताई पाचव्या रांगेत होती, वॉर्डातल्या बायकांच्या मधोमध. तिने मान खाली घातली. लाज मला वाटायला हवी होती, मान घातली तिने.
मलाही वाटली. आत्ता लिहितानाही कान तापलेत.
सकाळी ताईने माझ्यासाठी भाजी तेवढी वर पाठवली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ फेब्रुवारी
अध्यक्षांना रिपोर्ट दिला : ८१२ पैकी ६४० पक्की. त्यांनी पाठ थोपटली.
ताईशी बोलायचंय. आज नको, दमून आली असेल. रविवारी नक्की.

१९ फेब्रुवारी, रविवार
ताई दिवसभर घरी होती. मी नव्हतो. प्रचार.

२३ फेब्रुवारी, मतदान
साडेसहापासून बूथवर. येणारा-जाणारा माझ्याकडे बघून हसत होता, जरा जास्तच.
अकराला मीही आत गेलो. आपलं बटण दुसरं. मी तिसरं दाबलं, विरोधकांचं. घाईत झालं असेल.
घाई नव्हती. चांगला मिनिटभर उभा होतो. ताईसाठी काहीतरी केल्यासारखं वाटलं. ६४० मधलं एक गेलं तर कुणाला कळणार आहे?

२६ फेब्रुवारी, निकाल
गेल्या वेळी बावीस हजारांनी आलो होतो. या वेळी एकतीस हजारांनी पडलो. बूथ ८७ : मतं पडली ७०३, आपली ५८. नेत्रतपासणीला आलेल्यांएवढीसुद्धा नाहीत. बायको म्हणाली, तुम्हीच तर त्यांना नीट दिसायची सोय केलीत.

२७ फेब्रुवारी
अध्यक्षांनी बैठक घेतली. विषय : गद्दार कोण. प्रत्येक बूथवाल्याने नावं लिहून द्यायची, यादी मंत्र्यांच्या ऑफिसला जाणार. मी पेन धरून बसलो. अध्यक्ष म्हणाले, लांब कशाला जाता, घरातच बघा की. सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी ताईचं नाव लिहिलं. खाली सही केली. तिला कारण होतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी नसतं लिहिलं तर दुसऱ्या कुणी लिहिलंच असतं. यादीवर पहिलं तिचंच आहे.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ
ताईकडे जाऊन आलो. ठरवून गेलो होतो की तिसऱ्या बटणाचं तिला सांगायचं. तिला दाखवण्यासारखं तेवढं एकच माझ्याकडे होतं. यादीचं मग बघू.
बोलायला तिनेच सुरुवात केली. वॉर्डातल्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्यात. त्यांनी विचारलं तेव्हा तिने खरं ते सांगून टाकलं, की मत तिने आमच्या पक्षाला दिलं. मी म्हटलं, ताई, अगं का? म्हणाली, सरकारला कुठे दिलं, तुला दिलं. तुझ्या बूथवर काहीच पडलं नसतं तर लोकांत तुझं हसं झालं असतं.
मग चहा गाळता गाळता म्हणाली, काही का असेना, त्या अठ्ठावन्नांत आपली बहीणभावाची दोन तरी होती ना?
मी म्हटलं, हो ताई, दोन होती.