परात रिकामी न्हाई

अप्पा, आज दिवसभर तुमची आठवण येत होती आणि काहीच वाटत नव्हतं. तुम्ही गेल्यापासून हे असंच आहे. का, ते एकदा लिहून बघावं म्हणून बसले आहे.

मी आता कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते. मानवत गावच्या एका जिनिंग कारखान्यात कापूस तोलायच्या वजनकाट्यावर आमचा प्रोग्राम चालतो. काट्यावर ट्रॉली हलली की पडद्यावर चौकट उघडते, वजन बदललं, पुन्हा घेऊ का? तिथला माणूस उत्तर देईपर्यंत ट्रॉली परत हलते आणि त्या चौकटीवर दुसरी उघडते, मग तिसरी. वरची मिटल्याशिवाय खालचीला पुढं सरकता येत नाही. अशा एकावर एक किती चौकटी ताटकळत ठेवायच्या याला मर्यादा असते, ती ओलांडली की प्रोग्रामच बंद पडतो. काल भर दुपारी तो बंद पडला आणि ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत गेली. आमचे साहेब म्हणाले, मर्यादा वाढवून टाक, विषय संपला.

मला तुमचं जिंतूरचं दुकान दिसलं. तुम्ही पाण्याच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करताय. एक उघडलेली असताना दुसरा कुणी काकुळतीला येतो, तुम्ही पहिली तशीच सोडून त्याची उघडता, मग तिसऱ्याची. एकदा भिडेखातर चौथीही उघडलीत, नटबोल्ट एकमेकांत मिसळले आणि एकही मोटार धड मिटेना. त्यानंतर तुम्ही आईच्या तीन जुन्या पराती न विचारता उचलून आणल्या. तिचा अबोला बरेच दिवस चालला. एका मोटारीचं सामान एका परातीत, आणि चौथा आला की तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "परात रिकामी न्हाई. बसा, च्या घ्या. उघडलेलं मिटू द्या आधी." लोक चिडायचे, पण बसायचे.

तर मी मर्यादा वाढवली नाही. तीन चौकटी उघड्या, बाकीच्यांनी रांगेत थांबायचं, एक मिटली की पुढची. साहेबांनी विचारलं, तीनच का? म्हटलं, सहज. आज काट्यावरच्या माणसाचा फोन आला, "म्याडम, आता बिनघोर चालायलाय." बरं म्हणून मी फोन ठेवला. आनंद व्हायला हवा होता.

तुम्ही गेलात त्या दिवशीही दुकानात उघड्या मोटारी होत्या. शेजारच्या बायका म्हणाल्या, रडून घे पोरी. मी म्हटलं, आधी लोकांच्या मोटारी देऊन येते. तुमच्याच हाताखाली शिकले होते, एकेक जोडली, पोचती केली. मग आईचं दुखणं निघालं, मग परीक्षा, मग नोकरी. रडणं मागे ठेवलं होतं, ते मागेच राहिलं. हे पत्र कुठं पाठवणार म्हणा. पण खरं सांगू का अप्पा, आज हातात एकही काम उरलेलं नाही, मागे ठेवलेल्या रडण्याला आता परात रिकामी आहे, आणि मला भीती वाटते आहे.