नदीपलीकडच्या ताईला

प्रिय ताई,

तुमच्याकडचं टपाल बंद आहे, तरी लिहितोय. दोन देशांच्या वादातला तुमचा पट्टा आपल्याच देशाचा, असा लेख मी इथल्या वर्तमानपत्राला दिला. संपादक खूश झाले, पण शेवटचं वाक्य खोडायला निघाले: ‘आधी तिथल्या माणसांना विचारा.’

"तुम्ही कवी लोक फार हळवे," ते म्हणाले.

"साहेब, माझी सख्खी बहीण तिथं राहते. तिला न विचारता तिचं घर आपलं म्हणायचं, आणि वर एकीच्या गप्पा मारायच्या?"

त्यांनी खोडायला उचललेलं पेन खाली ठेवलं. "छापतो. शिव्या मात्र तुम्ही खायच्या."

आज लेख छापून आला. सकाळपासून खातोय, पण झोप छान लागेल.

तू ‘नाही’ म्हणालीस, तर तेही माझ्याच नावानं छापीन.

तुझाच,
धाकटा