नख रुतलं की रिजेक्ट

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०

बायको गेली. सोळा दिवस. थोरल्या मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. जो गुडघा आयुष्यात कोणापुढे वाकला नाही, तो वाकवायला आता सर्जन लागतोय.

माझ्या ताब्यात: घर, फ्रिज आणि मोहरी. मोहरी म्हणजे हिची कुत्री. वजन साडेतीन किलो. तिला कुत्री म्हणायचं तर माझ्या चपलेला जहाज म्हणायला हरकत नाही.

फ्रिजवर चुंबकाने कागद लावून गेलीय. वर ठळक अक्षरांत «मोहरीची कांडी». चघळायची कांडी कुत्रीला कशी द्यावी, यावर नियम! प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले म्हणे. दिवसाला एकच, पंधरा मिनिटं, समोर बसून. तिच्या तोंडापेक्षा लांब हवी, म्हणजे गिळता येत नाही. नख दाबून पाहायचं, रुतलं पाहिजे. अंगठ्याएवढी उरली की काढून घ्यायची, पण हिसकावायची नाही, बदल्यात चीजचा तुकडा द्यायचा. त्या दिवशी जेवण थोडं कमी.

ज्या माणसाने एकतीस वर्षं बुटांच्या कारखान्यात टेस्टिंग डिपार्टमेंट सांभाळलं, त्याला हे लिहून द्यायचं. असो. दारातून परत फिरून म्हणाली, अहो, समोर बसा हं तिच्या. बसतो म्हटलं.

संकल्प: सोळा दिवसांत ग्रंथ पूर्ण. «बुटांचे तळवे आणि त्यांची झीज». रोज दुपारी ३ ते ५ लेखन. अखंड.

४ मार्च, मंगळवार. सायंकाळी ५.२०

लेखन झालं नाही. कारण: मोहरी. ३ वाजता पेन उघडलं, ३.०१ ला पायाशी येऊन भुंकायला लागली. डब्यातली कांडी दिली. वेणीसारखी वळलेली, मऊ. ३.१२ ला खलास. अकरा मिनिटं! आणि पाकिटावर छापलंय «दीर्घकाळ टिकणारी». लाज वाटली पाहिजे छापणाऱ्याला.

दुसरी कांडी काढून नख दाबलं. सपशेल रुतलं. आमच्याकडे नख रुतलं की माल रिजेक्ट. ट्रकच्या ट्रक परत पाठवलेत मी या एका नखावर. सोल पुरवणारे व्यापारी माझ्या अंगठ्याला टरकून असत.

म्हणजे नियमच उलटा आहे. डॉक्टरांना मटेरियलमधलं काय कळतं, ते औषधवाले. लाल पेनाने कागद दुरुस्त केला: «रुतता कामा नये.» खाली सही, तारीख.

५ मार्च, बुधवार. दुपारी १.००

प्राण्यांच्या वस्तूंच्या दुकानात गेलो. भिंत भरून कांड्या. पाऊण तास एकेकीवर नख चालवलं. दुकानवाली बघत होती. कौतुकाने बघतेय असं वाटलं, मग म्हणाली, काका, पाकिटं फाटतायत.

सगळा माल भुसभुशीत. शेवटी खालच्या खणात शिंग सापडलं. जनावराचं खरं शिंग, वीतभर लांब, अंगठ्याएवढं जाड. नख सोडा, किल्लीने ओरखडा उठेना. गहिवरून आलं. दुकानवाली म्हणाली, एवढ्याशा कुत्र्याला नका देऊ, दात जाईल. विचारलं, टेस्टिंगचा अनुभव किती वर्षांचा? तिने बिल फाडलं. महागातली वस्तू गिऱ्हाईक मागतंय आणि ही नको म्हणतेय. धंदा बसणार हिचा.

६ मार्च, गुरुवार. सायंकाळी ५.१०

यश! दोन तास पाच मिनिटं. मोहरीने जिवाच्या आकांताने चावलं. शिंग मोजलं. झीज: शून्य.

समोर बसलो का? तत्त्वतः हो. मी टेबलाशी, ती आतल्या खोलीत, मधलं दार उघडं.

लेखन: शीर्षक सुवाच्य अक्षरात. अर्पणपत्रिका. «माझ्या अंगठ्यास». खोडली. लोक काहीही अर्थ काढतात.

७ मार्च, शुक्रवार. सायंकाळी ५.३०

पाचला शिंग काढून घ्यायला गेलो तर गुरगुरली. साडेतीन किलो! माझ्यावर! एकतीस वर्षांत युनियनचा पुढारी माझ्यावर गुरगुरला नाही.

कागदाप्रमाणे बदल्यात चीज. म्हणजे सरळ लाच. मी उभ्या आयुष्यात लाच दिली नाही, कुत्रीपासून सुरुवात करू? हिसकावलं. ती दातांनी लोंबकळत राहिली. शेवटी माझ्या बोटाला तिच्या दातांची दोन टोकं बसली.

५.२५ ला चीज दिलं. याला लाच म्हणत नाहीत, समझोता म्हणतात.

८ मार्च, शनिवार. दुपारी ४.२०

लेखन ऐन रंगात होतं (पहिलं वाक्य, तिसरा मसुदा), तेवढ्यात आतून «कट्» असा आवाज आला. पाठोपाठ ती केकाटली. एकदाच.

गेलो. शिंगापासून हातभर लांब उभी राहून शिंगाकडे बघत होती. आधी शिंग तपासलं. चरासुद्धा नाही. वा!

चटईवर पांढरा टवका. चार मिलिमीटर. कपाचा असणार. कपाटातले कप काढून बघितले, सगळे शाबूत. बशाही शाबूत. टवका पाकिटात घालून वर तारीख टाकली. सवय जात नाही.

९ मार्च, रविवार. सायंकाळी ७.००

मोहरी शिंगाला शिवत नाही. भुंकत नाही. तीन वाजता आली आणि नुसती पायाशी बसून राहिली. शिस्त म्हणतात ती हीच. चार वर्षं लाडाने डोक्यावर बसवलेलं जनावर मी सहा दिवसांत वळणावर आणलं.

हिचा फोन. म्हणाली, मोहरीचा आवाज कसा नाही आला? सांगितलं, शहाणी झालीय. हिला आनंद व्हायला हवा होता. तिने विचारलं, समोर बसता ना? बसतो म्हटलं. मेहुणीचा गुडघा ठीक आहे. तोंड तर पहिल्यापासून ठीकच आहे, मागून ऐकू येत होतं.

लेखन: शांतता इतकी की सुचेना.

१० मार्च, सोमवार. सकाळी १०.००

नवीन निरीक्षण. मोहरी जेवणाचे दाणे फक्त डावीकडून चावते. मान वाकडी करून. निम्मे दाणे वाटीबाहेर पडतात, ते तसेच सोडते. ही तिला आजवर अतोनात खायला घालत होती, हे सिद्ध झालं.

यावरून ग्रंथासाठी प्रकरण सुचलं: «एकतर्फी झीज». सोल एकाच बाजूने झिजला की समजावं, माणसाच्या पायात काहीतरी बिघाड आहे. हे आम्ही शेकडो वेळा पाहिलंय. कुत्र्यांत अर्थात तसं काही नसतं.

१२ मार्च, बुधवार. दुपारी १२.१५

वरच्या मजल्यावरची शिवणकामवाली आली. हिची मैत्रीण. हिच्या कोटाच्या बाह्या आखूड करून आणल्या होत्या. मला न विचारता मोहरीला उचललं आणि म्हणाली, भाऊजी, हिच्या तोंडाला घाण वास येतोय. आणि उजव्या डोळ्याखाली फुगलंय बघा.

म्हटलं, बाळसं धरलंय माझ्या हातचं खाऊन. तर म्हणते, एकाच गालाला बाळसं? या बायका दिवसभर टाचण्या तोंडात धरतात, मग तशाच बोलतात.

टेबलावर शिंग दिसलं. समजावून सांगितलं सगळं, नखापासून. तिने स्वतः नख दाबून पाहिलं. मग माझ्याकडे असं पाहिलं की जणू मलाच कोणी उलट्या बाजूने शिवलंय. जाताना म्हणाली, आजच्या आज दाखवून आणा हिला.

आजच्या आज! आज पहिला परिच्छेद पूर्ण करायचा आहे. शिवणकामवालीच्या सल्ल्यावर दवाखाने गाठायला लागलो तर झालंच.

१३ मार्च, गुरुवार. सकाळी ६.३०

मोहरी पलंगाखाली. कालची वाटी तशीच. चीज धरलं, नुसतं हुंगलं. तोंडातून लाळ गळतेय, थोडी लालसर.

पालथा पडून पलंगाखाली हात घातला. थरथरत होती. हात चाटला नाही, चावलाही नाही. मला भीती वाटली. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. फार भीती वाटली.

दवाखाना नऊला उघडतो. आठपासून दारात उभा राहणार.

१३ मार्च. दुपारी २.४०

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षाही लहान असतील. अशांच्या हाती जीव सोपवायचे. आपली बाजू भक्कम असावी म्हणून फ्रिजवरचा कागद नेला होता. वाचता वाचता लाल शाईपाशी थांबल्या. हे कोणी लिहिलं? म्हटलं, खाली सही आहे.

मग विचारलं, काका, तुम्ही परीक्षा कोणाची घेत होता, शिंगाची की दाताची? शिंगाची, म्हटलं. म्हणाल्या, शिंग पास झालं.

मला असलं बोलणं आवडत नाही. पण त्यांनी मोहरीचा ओठ वर करून दाखवला. उजवीकडची वरची मोठी दाढ उभी चिरलेली. पू झालेला, तो डोळ्याखाली चढलेला. कित्येक दिवस ती हे घेऊन फिरत होती, असं म्हणाल्या. मी खिशातलं टवक्याचं पाकीट काढून दिलं. त्यांनी टवका चिमट्यात धरून दाढेला लावला. तंतोतंत बसला. मग पाकिटावरची तारीख वाचली आणि बोटांवर पाच दिवस मोजले.

दाढ काढावी लागणार. उद्या. एवढ्याशा जिवाला भूल देताना धोका असतो, मालकाची परवानगी हवी. मालक म्हणून रजिस्टरला हिचं नाव.

फोन केला. सांगितलं, मोहरीची एक दाढ मुळातच कच्ची निघाली. ही म्हणाली, डॉक्टरांना द्या फोन. दोघी पाच मिनिटं बोलत होत्या. मला एवढंच ऐकू आलं: हो, लाल पेनाने.

१४ मार्च, शुक्रवार. दुपारी १.३०

दवाखान्याच्या बाकावर अकरापासून. शेजारी एक माणूस कासव घेऊन आलेला. कासवाला काय होणार, ते आधीच मंद. तो मला विचारतो, तुमचं काय? म्हटलं, कुत्री, बायकोची. काय झालंय? म्हटलं, अपघात. कसा? मी बाक बदलला.

ती शुद्धीवर आली नाही तर हिला काय तोंड दाखवू, हा पहिला विचार. मग वाटलं, उद्या तीन वाजता पायाशी कोण येईल? हे का वाटलं कळत नाही. तीन वाजता ती मला त्रासच द्यायची.

१२.४० ला बोलावलं. टॉवेलात गुंडाळलेली. डोळे अर्धवट उघडले, मला पाहिलं आणि शेपूट हलवली. मला पाहून! अक्कल म्हणून नाही जनावराला.

कासववाला बाहेर होता. त्याने विचारलं, डोळ्यांत काही गेलं का? हे असले लोक दवाखान्यात येतात.

१५ मार्च, शनिवार. सकाळी ११.००

ही आली. मेहुणीला शेजाऱ्यांवर सोपवून. मी उत्तरांची तयारी ठेवली होती, मुद्दे काढून. कांडीचा दर्जा, नियमांची संदिग्ध भाषा, दुकानवालीने नीट न सांगणं, दाढेची मूळ अवस्था.

रागावलीच नाही. मोहरीला मांडीवर घेऊन बसली. मग विचारलं, दाढ तुटली तेव्हा तुम्ही समोर होता ना, मग काय दिसलं तुम्हाला?

म्हटलं, मधलं दार उघडं होतं.

हिने मान डोलावली आणि फ्रिजवरून चुंबक काढून खणात ठेवला. मुद्दे राहून गेले.

१६ मार्च, रविवार. सायंकाळी ५.१५

तीन वाजता मोहरी आली. टाके असल्यामुळे आठवडाभर मऊ जेवण, चघळायला काही नाही. पायाशी बसली. मी पंधरा मिनिटं समोर बसलो. नंतर पाऊण तास अजून. ही दारातून दोनदा डोकावली. बघून घे म्हणावं.

कयास: वातावरण निवळतंय. ही उद्या मेहुणीकडे परत जाईल, मोहरी इथेच राहील. टाके सुटेपर्यंत प्रवास बरा नव्हे, हा मुद्दा बिनतोड आहे. जेवताना मांडला. ही म्हणाली, डॉक्टरांना विचारलंय मी.

१७ मार्च, सोमवार. सकाळी ९.२०

टॅक्सी आली. बॅग, औषधं, मोहरीची टोपली. सगळं खाली मीच नेलं. टोपलीत ठेवताना मोहरीने माझा हात चाटला, तोच, दोन टोकं बसलेला. चांगलं अर्धं मिनिट चाटला. हिच्या देखत. मी हिच्याकडे बघितलं. आता म्हणेल, राहू दे तिला.

ही म्हणाली, तिला काय कळतंय, बिचारीला.

टॅक्सीचं दार लावून घेतलं. वरून शिवणकामवाली आपल्या खिडकीतून बघत होती. बघू दे. घरात आता पूर्ण शांतता. ग्रंथाला याहून चांगली परिस्थिती मिळणार नाही. टेबलाशी बसलो, पेन उघडलं.

मग फोन केला. विचारलं, प्रवासात मोहरीला त्रास नाही ना झाला? ही म्हणाली, अहो, आम्ही अजून आपल्याच कोपऱ्यावर आहोत, सिग्नल लागलाय.